मोर्णाकाठ वाहिनीवरचं लग्न

जुने शहर, अकोला

प्रिय रूपा,

पाकीट पाहून तू घाबरशील, म्हणून आधी हेच लिहिते की माझी तब्येत बरी आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच आहे. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे, घरच्या नाही. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन बैठकीत वाजतो, मागे सासूबाईंच्या बांगड्या ऐकू येतात, आणि मग तू मला 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच म्हणतेस. मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणारं नाही. शिवाय बोलायला लागले की मला रडू येईल आणि तुला वाटेल, आई नाटक करते. आता तर तसं वाटायला कारणही आहे. दहावीपर्यंत शिकले त्या जोरावर शाळेतल्या भाषेत लिहायचं ठरवलं आहे. मधेमधे आपली बोली घुसेल, तेवढ्यावर मास्तरीण म्हणून लाल शाईचे गोल करू नको.

माझ्या मालिकेतल्या लग्नाचा भाग लागला, त्यानंतर तुझा शेवटचा फोन आला. अमरावतीच्या केबलवाल्यानंही आपली मालिका घेतली आहे हे मला ठाऊक होतं, पण तुझ्या सासूबाईंनी लग्नाच्या भागाला भिशीतल्या बायांना बोलावून सगळ्यांनी मिळून ती पाहिली, हे तू सांगितल्यावर कळलं. तू म्हणालीस, "आई, मले मान वर करता आली नाही. या वयात शोभते काय तुले?" मी म्हटलं, "अवं, नाटक होतं ते." मी पुन्हा म्हटलं, नाटक होतं. मग फोन बंद झाला. त्यानंतर जो कोणी दुकानावर आला, त्याला मी हेच सांगत गेले. हार ओवताना स्वतःशीही तेच बोलायची. एकच गोष्ट माणूस इतक्यांदा सांगायला लागलं, तर समजून जावं.

आता सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुला नीट कळायचं नाही. रऊफभाईचं केबल तुझ्या लहानपणी कसं होतं, आठवतं ना? छपरा-छपरांवरून काळी तार, दुपारी पिक्चर, आणि ऐन मारामारीत सीडी अटकायची. सगळी गल्ली त्यांच्या दारापुढं जाऊन ओरडायची आणि जहाँआराभाभी खिडकीतून डोकं काढून सांगायच्या, "पुसून राहिले, पुसून राहिले, घरी जा!" मग त्यांनी स्वतःची वाहिनी काढली, 'मोर्णाकाठ'. कोणत्या भागात नळ कधी येणार, गणपतीची मिरवणूक, कावडयात्रा, मंडीतले भाव, वाढदिवस आणि श्रद्धांजली. तुझ्या बाबांचा फोटोही त्यावर फिरला होता, एका पोराच्या वाढदिवसाच्या आणि साड्यांच्या सेलच्या मधे. मला तेव्हा त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट वाटलं, शालिकराम फुलवाला गेला हे सगळ्या शहराला कळलं, बरं झालं.

पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले आणि तारा गळून पडायला लागल्या. रऊफभाई खचले होते. त्यांची तुबा तेव्हा नागपूरहून शिकून आली. ती बापाला म्हणाली, पिक्चर लोकांना कुठंही दिसतो, अब्बा, पण आपली माणसं आपल्या बोलीत बोलताना कुठंच दिसत नाहीत, ती आपण दाखवू. रऊफभाई हसले. ती काही हसली नाही. कॅमेरा घेऊन फूलबाजारात आली, झेंडूचे भाव पडले त्याची बातमी करायला. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. त्यानं हार गळ्यात घालून फोटो काढला होता आणि आता परत घ्या म्हणत होता. कॅमेरा चालू आहे हे मला माहीत नव्हतं. ते भांडण वाहिनीवर लागलं आणि लोकांनी फोन करून पुन्हा लावायला सांगितलं. तुबा मिठाई घेऊन घरी आली. म्हणाली, "काकू, तुमी बोलता तशाच बोला. मी फक्त लिहून आणते." तिथून 'नळ आला व माय' सुरू झालं, नळावरच्या भांडणांचे ते छोटे भाग. तेव्हा तू किती खूश होतीस! शाळेतल्या बायांना दाखवलंस, सासूबाईंना दाखवलंस. त्या म्हणाल्या होत्या, विहीणबाई तर लय हसवतात. मीही हरखले होते. हसवणारी बाई सगळ्यांना चालते.

मग तुबानं मोठी मालिका लिहिली, 'दुसरा मांडव'. वाहिनीची पहिली खरी गोष्ट, रोज पुढे जाणारी. मी कौसल्या, बसस्टँडमागं खानावळ चालवणारी विधवा. घड्याळं दुरुस्त करणारा नारायण तिथं रोज जेवायला येतो, त्याचीही बायको गेलेली. मी सुरुवातीलाच विचारलं होतं, नुसती ओळख दाखव, लग्न काहून पाहिजे? तुबा म्हणाली, "लग्न कौसल्याचं आहे काकू, तुमचं नाही." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हण.

नारायणाचं काम करणारे सूर्यभानजी मूळचे धामणगाव रेल्वे या गावचे. एस.टी.त ड्रायव्हर होते, धारणीच्या घाटात गाडी चालवून रिटायर झाले. गणपतीच्या नाटकांत कामं केलेली, पण आवाज इंजिनावरून बोलायची सवय लागल्यासारखा. कानात सांगायचं वाक्यही गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. तुबा डोक्याला हात लावायची. माझा चष्मा मी घरीच विसरायची, म्हणून माझीही वाक्यं तेच मोठ्यानं वाचून दाखवायचे. बाकी बोलणं बेताचंच. 'पाठ झालं काय?' 'चहा बिनसाखरेचा सांगितला.' एवढंच. साखरेचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, एकदा चहा नाही म्हटलं होतं, त्यावरून त्यांनी ओळखलं.

ते दर गुरुवारी दुकानावर यायला लागले. बायकोच्या फोटोला शेवंतीचा हार न्यायचा. घासाघीस करायचे, अगदी खरी. पहिल्यांदा मला राग आला. मग हळूहळू मी गुरुवारचा तो हार थोडा भरगच्च ओवायला लागले. दुसऱ्याच्या बायकोच्या फोटोसाठी, रूपा. असं मी का करते हे तेव्हा माझ्या मनात आलंच नाही. किंवा आलं असेल आणि मी त्याला बसायला जागा दिली नसेल.

लग्नाचं चित्रीकरण कौंडण्यपूरला केलं. तुबा म्हणाली, रुक्मिणीचं माहेर आहे, घाटावर मांडव छान दिसेल. टेम्पोत आम्ही सगळे, वर खुर्च्या बांधलेल्या, मांडीवर माझी फुलांची टोपली. लग्नाचे हार मीच ओवले होते. आजवर हजारो लग्नांचे हार या हातांनी ओवले, पण त्या दिवशी दोनदा दोरा तुटला. वर्धा नदीला पाणी संथ होतं. गावातल्या बाया पाहायला जमल्या होत्या आणि त्यांना कॅमेऱ्याचं भानच नव्हतं, त्यांनी खऱ्या अक्षता धरल्या होत्या. सूर्यभानजींनी मंगळसूत्र बांधलं आणि कुंकू लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. तुबा 'कट' म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाया म्हणाल्या जोडा शोभते हो. मी खाली पाहत उभी राहिले.

आता जे लिहिते ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. मंगळसूत्र खोटं होतं, ते लगेच काढून तुबाच्या पेटीत दिलं. कुंकू मात्र नदीवर धुता आलं असतं, टेम्पोपाशी पाण्याचा ड्रम होता, तिथं पुसता आलं असतं. मी पदर पुढं ओढला आणि तशीच घरी आले. दार लावलं, दिवा लावला आणि आरशापुढं उभी राहिले. तुझ्या बाबांचा फोटो त्याच भिंतीवर आहे, आरशात माझ्या खांद्यामागं तेही दिसत होते. मी स्वतःला पाहिलं आणि मले बरं वाटलं, रूपा. बरं नाही, आवडलं. मग एवढी लाज वाटली की मी फोटोकडं पाठ करून जेवले. कुंकू त्या दिवशी पुसलं नाही. सकाळी फुलं घ्यायला निघायच्या आधी धुतलं.

तुझ्या बाबांशी माझं वाईट नव्हतं. ते चांगले होते, हे तुला सांगायला नको. कधी आवाज चढवला नाही, हात तर दूरच. म्हणून तर जास्त लाज वाटते. नवरा वाईट असता तर लोकांनीही म्हटलं असतं, जाऊ द्या, बिचारीनं काय सुख पाहिलं. मी सुख पाहिलेली बाई आहे. मला पुन्हा कशाला पाहिजे, असं लोक विचारतील आणि मीही स्वतःला विचारते.

भाग लागला आणि शहरात दोन तट पडले. काही बाया दुकानावर येऊन माझा हात धरून गेल्या, एक तर नुसती रडली. पण पलीकडचा नारळवाला रोज विचारायचा, "काय बाई, नवरदेव कुठी आहे?" आणि आजूबाजूचे खिदळायचे. एका घरून लग्नाच्या हारांची सांगून ठेवलेली मागणी परत गेली, तुमच्या हातचे नकोत म्हणाले, शुभकार्य आहे. त्याच दिवशी तुझा फोन आला होता. मी फुलांवर पाणी मारत होते. तू बंद केल्यावरही मारतच राहिले, सगळी शेवंती भिजून गेली.

जाहिराती देणारे दुकानदार रऊफभाईकडं गेले. घरातल्या बायांसमोर हे काय दाखवून राहिले, म्हणाले. रऊफभाईनं तुबाला समजावलं, "बेटा, चॅनल चालवायचं आहे आपल्याले." ठरलं असं की नारायणाचा अपघात होईल, तो मरेल आणि कौसल्या पुन्हा होती तशी होईल. तुबा बापाशी भांडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. मग माझ्याकडं आली, मी नाही म्हणेन या आशेनं. मी हो म्हटलं. ती माझ्याकडं पाहतच राहिली. मी तिला सांगितलं नाही, पण माझ्या डोळ्यांपुढं तू होतीस. मी म्हटलं, भिशीतल्या बायांनी जे पाहिलं ते पुसलेलंही पाहतील. माझ्या पोरीची मान वर होईल. यात काय जाते माझं, नाटकच तर आहे.

ते चित्रीकरण रऊफभाईच्याच अंगणात केलं. गल्लीतल्या बाया रडायला बोलावल्या होत्या. सूर्यभानजींना चटईवर झोपवलं, अंगावर पांढरी चादर, नाकात कापूस. ते आधी तुबाला म्हणाले, "श्वास दिसला त सांगजो." सगळे हसले, मीही हसले. मग चादर गळ्यापर्यंत ओढली आणि त्यांनी डोळे मिटले. मला बाजूला बसवलं, कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. कॅमेरा सुरू झाला. मी रडले, चांगली रडले, लिहून दिलं होतं तशीच. मग एक म्हातारी ओला फडका घेऊन पुढं आली आणि तिचा हात माझ्या कपाळाकडं आला.

रूपा, तुझे बाबा गेले तेव्हा तू नववीत होतीस. तुझ्या आत्यानं फडका आणला तेव्हा तू तिच्या हाताला लोंबकळली होतीस. "नका पुसू माह्या आईचं, नका पुसू!" असं ओरडत होतीस, आणि तुला दोघींनी उचलून आत नेलं होतं. मी तेव्हा काहीच बोलले नव्हते. सगळ्यांचं पुसतात, माझंही पुसलं. त्या अंगणात तो फडका जवळ आला आणि मला तुझा आवाज आला. खरंच आला. मी त्या म्हातारीचा हात धरला. म्हटलं, "नका पुसू." तिला वाटलं काम चालू आहे, तिनं जोर लावला. मी तिचा हात झटकला आणि उभी राहिले. तुबानं कॅमेरा बंद केला नाही, तिलाही वाटलं काकू मनाचं घालून राहिल्या. मी चटईकडं पाहिलं. तो माणूस तसा पडलेला मला पाहवला नाही. मी ओरडले, "उठा! सूर्यभानजी, उठा!"

नारायण नाही म्हटलं मी. सूर्यभानजी म्हटलं. ज्याला कळायचं त्याला कळलं, आणि कळायचं नाही असं तिथं कोणी नव्हतं. ते उठून बसले. चादर गळून पडली, नाकात कापूस तसाच. माझ्याकडं पाहून म्हणाले, "उठलो, बाई. रडू नका." ते हळूच म्हणायला गेले असतील, पण त्यांचा आवाज तो, सगळ्या गल्लीनं ऐकला. आधी एक जण हसला, मग दोघंतिघं. मी तिथून निघाले ती गल्लीतून धावतच, भर दुपारी, कपाळावर मळवट, पायात चपला नाहीत. या वयात. माझ्या लग्नातही मी कोणाच्या डोळ्यांना डोळा दिला नव्हता आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून लोक माझ्याकडं पाहत होते. मोर्णेच्या पुलावर एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काय झालं मावशी, कोणी गेलं काय?" मी त्याला काय सांगणार, कोणी गेलं नाही म्हणून पळते आहे?

दोन-चार दिवस मी दुकान उघडलं नाही. जहाँआराभाभी पिशवीत माझ्या चपला घेऊन आल्या. मी म्हटलं, भाभी, मले तोंड दाखवायची शरम वाटते. त्या चपला दारात नीट जोडीनं ठेवून म्हणाल्या, "शरम कायची व? मेलेल्या माणसाले उठवलं तूनं, कोणाले मारलं त नाही." मागून रऊफभाईही आले, अंगणातच उभे राहिले, खाली मान घालून. म्हणाले, जे कॅमेऱ्यात आलं ते तुम्ही म्हणाल तर पुसून टाकतो. तुबा मागं उभी राहून नाही-नाही अशी मान हलवत होती, तिला ते ठेवायचं होतं. मी म्हटलं, पुसा. माझ्यासमोर पुसलं त्यांनी. मालिका तिथंच थांबली आहे. नारायणाचा अपघात झाला एवढं लोकांना कळलं, पुढचं नाही. मी दुकान उघडलं तर येणारी प्रत्येक बाई विचारते, "नवरा वाचला काय व?" तुबा म्हणते, आता मी सांगेन तसंच ती लिहिणार. रऊफभाई तिला आता अडवत नाहीत, म्हणजे त्यांनाही चालेल.

पण रडायला आलेल्या बायांपैकी कोणीतरी मोबाइलवर काढलंच होतं. ते चित्र फिरतं आहे. मी धावताना, आणि मागं ते नाकातला कापूस काढत उभे. कदाचित तुझ्यापर्यंत आलं असेल, कदाचित सासूबाईंपर्यंत. आलं नसेल तर येईल. ते तू दुसऱ्याच्या मोबाइलवर पहिल्यांदा पाहू नये, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. त्यात जे दिसतं ते नाटक नाही. मी फोनवर तुला सांगितलं होतं ते आता परत घेते.

पुढच्या गुरुवारी ते दुकानावर आले. मी हार काढून पुढं केला. म्हणाले, आज हार नको. मग दुकानाच्या लाकडी खोक्यावर बसले. सांगायला लागले, "काल फोटोपुढं बसून तिले सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. आता तुमी बोला." मी म्हटलं, लोकं ऐकून राहिले, हळू बोला. ते म्हणाले, हे हळूच आहे. नारळवाला नारळ हातात धरून ऐकत होता. मी म्हटलं, मले लाज वाटते. खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, "मलेही वाटते. नाकात कापूस घालून उठलो, सगळ्या गावानं पाहिलं. एकट्याले लय वाटते. दोघं मिळून वाटून घेऊ." मला हसू आलं आणि रडूही आलं. मी पदर तोंडात धरून बसले. नारळवाला मान फिरवून नारळ सोलायला लागला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. मी हो म्हटलं आहे. तुला न विचारता म्हटलं, आणि या सगळ्यात त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पण विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर मी ऐकलं असतं, आणि मग जन्मभर तुझ्यावर मनातून रागावले असते. तसं होऊ द्यायचं नव्हतं. मांडव नाही, हार नाहीत, वाजंत्री नाही. लग्ननोंदणीच्या कचेरीत जाऊन नावं दिली आहेत, त्याचा कागद तिथल्या फळ्यावर लागला आहे आणि येणारे-जाणारे थांबून वाचतात. महिनाभरानं सही करायची. माझी लाज गेलेली नाही, रूपा, जाईल असं वाटतही नाही, ती घेऊनच जाणार आहे. साक्षीला तीन जणं लागतात. जहाँआराभाभी आणि तुबा येणार आहेत. तिसरं माणूस कोण, म्हणून तिथल्या बाबूनं विचारलं, तर सूर्यभानजी काही बोलायच्या आत मी म्हटलं, माझी मुलगी. तू ये असा माझा हट्ट नाही. घरात तुला काय ऐकावं लागेल ते मला ठाऊक आहे, आणि तू आली नाहीस तर रऊफभाई सही करतील, काम अडणार नाही. पण बाबूनं त्या जागेवर पेन्सिलीनं तुझं नाव लिहिलं, आणि मी ते खोडू दिलं नाही.

लाजेनं अर्धी झालेली, तरीही पूर्ण तुझीच,
आई